टेसचं कलिंगड

टेक्सासातल्या लिपोवा गावात कोर्टाच्या दोन बाजूंना दोन वकिलांची ऑफिसं आहेत, आणि मधल्या चौकात पेकानची चार मोठी झाडं. पूर्वेकडचं ऑफिस लेलंड कुबेनाचं, त्याच्या बापाच्या वेळचं. पश्चिमेकडचं टेस ऑरसाकचं, नवं. टेस आधी लेलंडकडेच होती. कायद्याची परीक्षा देऊन आली तेव्हा तिला पहिली खुर्ची त्यानं दिली आणि अशिलाशी बोलायचं कसं हेही त्यानंच शिकवलं. पुढे ती चौक ओलांडून पलीकडे गेली, तेव्हा त्यानं बापाच्या वेळचं एक पुस्तकांचं कपाट तिला भेट दिलं. चार माणसं लावून ते उचलून नेलं होतं. तोपर्यंत सगळं ठीक होतं.

मग टेसनं व्हिडिओ करायला सुरुवात केली.

व्हिडिओ लहान असत, दोन-तीन मिनिटांचे. घरमालक अनामत परत देत नसेल तर काय करायचं? गाडी ठोकली गेली तर पोलीस येईपर्यंत काय बोलू नये? आईनं मृत्युपत्र केलं नसेल तर घर कुणाचं? टेस टेबलाच्या कडेवर बसून, समोर शेजारीण बसली आहे अशा थाटात हे सगळं सांगे. शेवटी खाली तिच्या ऑफिसचा फोन नंबर येई. गावातल्या सलूनमध्ये बायका डोक्याला रंग लावून ते बघत बसत. पशुखाद्याच्या दुकानात गल्ल्याशेजारी ते चालू असत. हळूहळू शेजारच्या गावांतून, मग ह्यूस्टनहूनही माणसं येऊ लागली. लेलंडच्या खिडकीतून पश्चिमेकडच्या गाड्यांची रांग दिसे. त्यानं खिडकीला पडदा लावून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी तो थोडा बाजूला सारला.

टेसचे व्हिडिओ आपण बघत नाही, असं तो सगळ्यांना सांगे. पण जेवणाच्या सुट्टीत तो खोलीचं दार लावून घेई. बाहेरच्या टेबलावर त्याची बायको व्हर्लीन बसायची. ऑफिसचं सगळं कामकाज तीच बघे. दारामागून टेसचा आवाज आला की ती टायपिंग थांबवून ऐके आणि गालातल्या गालात हसे. एकदा तिनं त्याला सांगितलंही, की बघायचंच आहे तर दार उघडं ठेवून बघ, मलाही ऐकता येईल. त्यावर तो म्हणाला की मी एक जुना निकाल ऐकत होतो.

त्याला सगळ्यात जास्त लागलं ते कलिंगड.

अपघातात दोष बहुतेक वेळा दोघांचाही असतो, थोडा याचा, थोडा त्याचा. टेक्सासात ज्याचा दोष निम्म्याहून जास्त, त्याच्या हाती काही लागत नाही. ही गोष्ट शेतकऱ्याला, ट्रक चालवणाऱ्याला, शाळेतल्या मुलालाही कळावी म्हणून लेलंडनं वर्षानुवर्षांत एक युक्ती बसवली होती. तो टेबलावर कलिंगड ठेवी आणि सुरीनं कापत जाई. एवढी फोड त्याची, कारण त्यानं सिग्नल तोडला. एवढी तुझी, कारण तू फोनवर बोलत होतास. आता बघ, मोठा वाटा कुणाकडे आहे? माणसाला झटकन कळे, आणि जाताना तो कलिंगड खाऊन जाई. दर ऑक्टोबरला लेलंड शाळेत जाऊन मुलांनाही हा पाठ देई. मुलं दोषाच्या फोडी मागून मागून घेत.

टेसनं तेच कलिंगड व्हिडिओत कापलं, आणि तीन लाख लोकांनी ते पाहिलं. चौकात लोक तिला विचारत, काय टेस, आज कुणाच्या वाट्याची फोड? सुपरमार्केटवाल्यानं कलिंगडांच्या ढिगावर पाटी लावली: टेसचं कलिंगड. आणि त्या ऑक्टोबरला लेलंड नेहमीप्रमाणे सुरी घेऊन पाचवीच्या वर्गात गेला, तेव्हा पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मिस्टर कुबेना, तुम्ही हे टेसकडून शिकलात का?"

त्यानं कलिंगड कापलं, पण त्या दिवशी फोडी जाड-बारीक झाल्या.

नोव्हेंबर लागला. एके दुपारी दार लावून तो टेसचा एक मागचा व्हिडिओ बघत होता. विषय होता, कुठे पडून लागलं तर दावा किती दिवसांत करायचा. टेस हसत म्हणाली, घाबरू नका, आधी बरे व्हा, तुमच्याकडे दोन वर्षं आहेत. मग नंबर आला आणि व्हिडिओ संपला.

लेलंडनं तो पुन्हा लावला, मग तिसऱ्यांदा. त्यानं ऐकलं होतं ते बरोबर होतं. टेसनं महत्त्वाची गोष्टच सांगितली नव्हती. माणूस दुकानात पडला, शेजाऱ्याच्या पायरीवर पडला, तर दोन वर्षं. पण नगरपालिकेच्या जागेत पडला तर पालिकेला आधी लेखी कळवावं लागतं, आणि लिपोवाच्या नियमाप्रमाणे तीन महिन्यांच्या आत. नाहीतर दावा मेला. ही तर त्यानं टेसला पहिल्या आठवड्यात शिकवलेली गोष्ट. माणूस आत आला की तो कसा पडला हे विचारायच्या आधी विचारायचं, जमीन कुणाची?

त्याला इतका आनंद झाला की त्यानं व्हर्लीनचं सँडविचही खाऊन टाकलं.

दोन दिवस तो शीळ घालत होता. मग त्यानं ठरवलं की आपणही व्हिडिओ करायचा आणि खरं काय ते गावाला सांगायचं. व्हर्लीननं फोन धरला. लेलंडनं कोट घातला, टाय सरळ केला, आणि फोनचा दिवा लागताच त्याच्या चेहऱ्यावरून सगळी माया उडून गेली. "सदर प्रकरणी," असं म्हणून त्यानं सुरुवात केली, आणि पुढचं वाक्य संपेचना.

व्हर्लीननं फोन खाली केला. "लेलंड, तू बोलतोयस की मला समन्स बजावतोयस?"

पुन्हा केलं, पुन्हा तसंच झालं. समोर माणूस असला की याच्या तोंडून कलिंगड निघे, आणि फोन असला की कागद. शेवटी त्यानं टाय सोडला आणि जाऊ दे म्हणाला. पण त्याच्या मनातून ते गेलं नव्हतं. आपण काही करायची गरजच काय? आज ना उद्या कुणाची तरी मुदत टळेल, तो माणूस टेसच्या दारात जाऊन ओरडेल, आणि मग सगळ्या गावाला कळेल की व्हिडिओ करणं वेगळं आणि वकिली वेगळी. इतक्या स्पष्ट शब्दांत त्यानं हे स्वतःशीही म्हटलं नाही. पण तो वाट बघू लागला.

दर गुरुवारी दुपारी गावातल्या चेक वंशाच्या लोकांच्या मंडळाच्या सभागृहात डॉमिनोचा डाव बसे. या खेळाचं नाव बेचाळीस, कारण एका डावात सगळे मिळून गुणच तेवढे. चौघं बसायचे, समोरासमोरचे दोघं जोडीदार, आपण किती गुण करू ते आधी बोलायचं आणि मग ते करून दाखवायचं. बोललेलं जमलं नाही की जोडीदार आठवडाभर बोलत नाही. लेलंडच्या टेबलावर त्याच्यासमोर मिस ऑटिली मिकेस्का बसत; लेकीची आई, तरी गाव त्यांना मानानं मिसच म्हणे. वय पंचाहत्तरच्या पुढे, पण हिशेब असा पक्का की कुणाच्या हातात कोणती सोंगटी आहे हे त्या पाठ बघून सांगत. त्यांच्या उजव्या हाताला निवृत्त जज आल्विन रेपका, आणि जजसमोर व्हर्लीन.

मिस ऑटिली ऑगस्ट संपता संपता पडल्या होत्या. वाचनालयाबाहेरच्या पदपथाची एक लादी वर आली होती, तिच्यावर पाय अडखळला. मनगट मोडलं, ते वाकडं जुळलं. आता पुन्हा शस्त्रक्रिया करायची होती. एका हातानं घर चालत नव्हतं. मुलगी डोरिस डॅलसहून रोज फोन करून म्हणे, मदतीला बाई ठेव, नाहीतर घर विकून माझ्याकडे ये. बाई ठेवण्याइतके पैसे नव्हते. आणि डॅलसला जाणं म्हणजे मिस ऑटिलींच्या मते जिवंतपणी शवपेटीत झोपणं.

त्या गुरुवारी जजनी विचारलं की दाव्याचं काय केलं. मिस ऑटिली डाव्या हातानं सोंगट्या लावत होत्या. म्हणाल्या, घाई कसली, डोरिस नाताळाला येईल, मग दोघी टेसकडे जाऊ. दोन वर्षं आहेत. टेसनं सांगितलंय.

जजना ऐकू कमी येई. त्यांनी मान हलवली आणि बत्तीस बोलले.

लेलंडच्या हातातली सोंगटी तशीच राहिली. पदपथ पालिकेचा. तीन महिने संपायला जेमतेम दोन आठवडे होते, आणि नाताळ त्याच्याही पुढे. मिस ऑटिली त्याच्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "लेलंड, बोलतोस की झोपलास?"

"पास," तो म्हणाला.

घरी जेवताना त्यानं व्हर्लीनला सगळं सांगितलं, आणि लगेच हेही सांगितलं की आपल्याला यात काही करता येत नाही. जखमी माणसाकडे आपणहून जाऊन खटला मागणं वकिलाला टेक्सासात गुन्हा आहे. मिस ऑटिलींनी विचारलं असतं तर गोष्ट वेगळी. त्यांनी मला विचारलेलं नाही. माझे हात बांधलेले आहेत. हे बोलताना त्याचा आवाज अगदी कोर्टातल्यासारखा स्वच्छ होता.

व्हर्लीननं बटाट्याचं भांडं खाली ठेवलं.

"खटला माग असं कुणी म्हटलं? फुकट सांग आणि परत ये."

"ते तितकं सोपं नाही."

"सोपं आहे. तू पाचवीतल्या मुलांना याहून अवघड गोष्टी शिकवतोस." मग ती हळू आवाजात म्हणाली, "तुला टेसची फजिती बघायचीय. बघ. पण त्यासाठी मिस ऑटिलींचं घर कशाला?"

त्यानं ताटातलं संपवलं, भांडी धुतली, अंगणात जाऊन कुत्र्याशी बोलला. कायद्याचा नियम खरा होता, आणि तरी तो आपण छत्रीसारखा डोक्यावर धरला आहे, हे त्याला व्हर्लीनच्या आधीपासून माहीत होतं.

शुक्रवारी सकाळी तो मिस ऑटिलींकडे गेला. त्यांनी कॉफी दिली, आणि बशीत खसखशीचं एक कोलाची, म्हणजे चेक पद्धतीचा गोड पाव, ठेवलं. हे दुकानचं आहे, आता असलंच मिळणार, म्हणाल्या. लेलंडनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि आपला खटला मागायला आलो नाही हे आधी सांगितलं. मग पदपथ कुणाचा, पालिकेला कळवायचं म्हणजे काय, तीन महिने कधी संपतात, सगळं सांगितलं. शांतपणे सांगितलं, एखाद्या मुलाला गणित समजवावं तसं.

मिस ऑटिलींनी सगळं ऐकून घेतलं. मग डाव्या हातानं फोन पुढे सरकवला. "पण टेस तर दोन वर्षं म्हणाली. मी दोनदा ऐकलंय."

"टेसकडून चूक झाली, मिस ऑटिली."

"टेसकडून?"

"हो."

त्यांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. रागानं नाही, उलट फार मायेनं, आणि तेच त्याला जास्त बोचलं. "लेलंड, मी तुला बाप्तिस्म्यापासून ओळखते. तुझ्या भावाला सायकल मिळाली तेव्हा तू तिच्या चाकातली हवा सोडलीस. त्या मुलीचं चांगलं चाललंय ते तुला बघवत नाही. गावाला दिसतं रे ते. पडदा लावलास म्हणून काय झालं?"

तो म्हणाला की तसं असेलही, पण तारीख खरी आहे. त्या म्हणाल्या, कोलाची खा, वाळलंय, कॉफीत बुडव.

बाहेर येऊन तो गाडीत बसून राहिला. तीस वर्षांत तो खरं बोलला आणि कुणी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही, असं कधी झालं नव्हतं. आणि यात मिस ऑटिलींची चूक म्हणावी तर तीही नव्हती. आता त्यांना पटवू शकेल असा सगळ्या गावात एकच आवाज होता.

त्यानं गाडी आपल्या ऑफिसपुढे लावली आणि चौक चालत ओलांडला. टेस गेल्यापासून तो त्या बाजूला पहिल्यांदाच जात होता. बापाचं कपाट दारातच होतं, आणि त्यात पुस्तकंच होती. त्याला वाटलं होतं की फुलदाण्या असतील. वाटेत त्यानं भाषण तयार केलं होतं. सुरुवात फार चांगली होती. कायदा म्हणजे करमणूक नव्हे, टेस.

टेस उठून उभी राहिली. "मिस्टर कुबेना. बसा ना."

तो बसला नाही. त्यानं व्हिडिओचं नाव सांगितलं आणि विचारलं, "जमीन कुणाची?"

एवढंच. टेसचा चेहरा उतरत गेला. ती परत खुर्चीत बसली. म्हणाली, ते होतं, मी बोलले होते. लोक दोन मिनिटांच्या पुढे बघत नाहीत, म्हणून मी शेवटचा भाग कापला. नंतर वेगळा करायचा होता. राहून गेला. मग तिनं विचारलं, "कुणाचं काही गेलं का?"

"अजून नाही. पण एका माणसाचं जाईल. नाव सांगणार नाही. मी सांगून पाहिलं, त्यांना माझं पटलं नाही. तुझं पटेल."

त्याला वाटलं होतं की ती सारवासारव करील, आणि मग ते भाषण उपयोगी पडेल. पण टेसनं जुना व्हिडिओ त्याच्यासमोरच काढून टाकला. तीन लाखांचा नव्हता तो, पण बऱ्यापैकी बघितला गेला होता. मग तिनं फोन पुस्तकांना टेकवून उभा केला, केसही नीट केले नाहीत. सुरू करण्याआधी तिनं मागे वळून विचारलं, "तुम्ही येऊन सांगितलंत असं म्हणू? तुमचं नाव घेते."

"नको," लेलंड म्हणाला. "त्याची काही गरज नाही."

हे त्यानं फार रुबाबात म्हटलं. टोपी घातली आणि निघाला. चौकाच्या मध्यावर, पेकानच्या झाडाखाली येईपर्यंत त्याला पश्चात्ताप झाला होता. तो थांबला, मागे वळला. काचेतून टेस फोनसमोर बोलताना दिसत होती. आता आत जाऊन काय म्हणणार? तो घरी गेला.

टेसनं व्हिडिओत काहीच लपवलं नाही. मी चुकले, म्हणाली. पालिकेच्या, शाळेच्या, सरकारच्या जागेत लागलं असेल तर दोन वर्षं विसरा, आजच कुठल्याही वकिलाकडे जा, माझ्याकडेच या असं नाही. शेवटी म्हणाली, हे मला एका गृहस्थांनी येऊन सांगितलं. त्यांना माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त कळतं. त्यांनी नाव घेऊ नको म्हटलंय, म्हणून घेत नाही. लेलंडनं तो व्हिडिओ दार लावून इतक्या वेळा ऐकला की व्हर्लीनलाही तो पाठ झाला.

मिस ऑटिलींनी सोमवारी सकाळीच टेसला फोन केला. त्याच आठवड्यात कागद पालिकेत पोचला, शिक्का बसला. डोरिसला सांगण्यात आलं की डॅलसचा विषय आता काढायचा नाही. आणि टेसच्या आधीच्या कुठल्याही व्हिडिओपेक्षा, कलिंगडापेक्षाही, ही चुकीची कबुली जास्त लोकांनी पाहिली. पशुखाद्याच्या दुकानात मोठमोठी माणसं म्हणाली, असा वकील हवा.

गुरुवारी डाव बसला. मिस ऑटिली खूश होत्या. सोंगट्या पालथ्या घालून मिसळायचं काम त्यांनी एका हातानं स्वतः केलं.

"एवढा मोठा माणूस," त्या म्हणाल्या, "आणि नाव सांगू नको म्हणतो. आजकाल असतं का कुणी असं?" मग त्या उजवीकडे वळून मोठ्यानं म्हणाल्या, "जज, आम्हाला काय कळत नाही का?"

जज रेपकांनी कानामागे हात धरला. मिस ऑटिलींनी पुन्हा सांगितलं. शेजारच्या दोन टेबलांवरची माणसंही वळून बघू लागली, कुणीतरी टाळी वाजवली. जजना किती ऐकू आलं ते त्यांनाच ठाऊक. त्यांनी घसा साफ केला, सगळ्यांकडे पाहून नम्रपणे मान लववली आणि म्हणाले की काही गोष्टी माणसानं करायच्या असतात, बोलायच्या नसतात.

व्हर्लीननं तोंड उघडलं. लेलंडनं टेबलाखालून तिच्या पायावर पाय ठेवला.

"लेलंड," मिस ऑटिली म्हणाल्या, "तू त्या दिवशी सांगायला आलास ते जजकडूनच ऐकून ना? तसं म्हणायचंस की. मी लगेच ऐकलं असतं."

हॉलमधले सगळे त्याच्याकडे बघत होते. खरं सांगणं अगदी सोपं होतं, आणि ते आता कसं ऐकू येईल हेही त्याला कळत होतं.

"बोली करा," तो म्हणाला.

जज एकेचाळीस बोलले, आणि ते बोलताना सभागृहाकडे अशी नजर फिरवली की जणू काही पुतळ्याची जागा शोधताहेत. मिस ऑटिली पास म्हणाल्या, व्हर्लीनही पास झाली. शेवटची बोली लेलंडची. त्याच्या हातात धड एकही जोडी नव्हती, सातही सोंगट्या भिकार होत्या. त्यानं त्या पाहिल्या, जजकडे पाहिलं.

"बेचाळीस."

दुसऱ्याच हाताला डाव फुटला. मिस ऑटिलींनी त्याच्या सोंगट्या उलटून बघितल्या, एकेक करून, डॉक्टरनं जखम बघावी तशा. मग त्या घरी जाईपर्यंत त्याच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

गाडीत व्हर्लीननं पट्टा लावला, काच खाली केली, आणि चौक मागे पडेपर्यंत वाट बघितली.

"म्हणजे टेस संपली," ती म्हणाली. "आता जज का?"

"त्यानं मान लववली, व्हर्लीन. तू पाहिलंस ना? मान लववली त्यानं."

"पाहिलं."

"निदान मान तरी लववायची नव्हती," लेलंड म्हणाला, आणि घर येईपर्यंत तेवढंच म्हणत राहिला.